रूथचा कच्चा प्याला

१ मार्च, रविवार. भुसावळ
आज चर्चमध्ये प्रभुभोजन. औषधाच्या मापाएवढ्या त्या स्टीलच्या वाट्या. द्राक्षरसाचा घोट जिभेवरच संपतो. घरी येऊन कपाट उघडलं, रू.चा प्याला काढून टेबलावर ठेवला. जेवलो नाही.

रूथला जाऊन अर्धं वर्ष होत आलं. हा प्याला तिनं पवित्र गुरुवारच्या उपासनेसाठी घडवला, सगळ्या मंडळीनं एकातूनच प्यावं म्हणून. वाळला, पण भट्टीत जायच्या आत तीच गेली. कच्चा आहे. पाणी लागलं की चिखल. प्याला म्हणायचं नि त्यात काही ओतायचं नाही.

बोटांच्या खुणा गोल गोल वर चढत गेल्यात. काठ एका बाजूला कललाय. शाळेत पोरांच्या रेघा सरळ आल्या नाहीत तर डोळे वटारणारी बाई!

३ मार्च
मनूचा फोन, पुण्याहून. प्याला भाजून आणावा म्हणतो, असं मी म्हटल्याबरोबर ती, "पप्पा, तडकला तर? आईच्या हातचं शेवटचं आहे ते. काचेच्या पेटीत ठेवू."

काचेची पेटी! रू.ला शोकेसमधल्या भांड्यांचा भारी राग. म्हणायची, देवानं माणूस मातीचा केला तो वापरायला, पुसून ठेवायला नाही. लेकीला हे बोललो नाही. पोरगी रडवेली होती.

८ मार्च, रवि.
पाळकसाहेबांना विचारलं. वयानं मनूएवढे, बोलायला गोड. "मातीचा का चालणार नाही, काका? आपण तरी कशाचे आहोत? फक्त गळायला नको, खाली पांढरं कापड असतं." कुंभार आणि माती हा त्यांचा आवडता विषय, दर वर्षी एक प्रवचन ठरलेलं. चिखलाला हात कधी लावला असेल असं वाटत नाही. पण माणूस भला. प्याला तयार झाला तर गुरुवारी तोच वापरू म्हणाले.

११ मार्च
सकाळची पॅसेंजर, नरडाणा. या लाइनवर मालगाडीचा गार्ड म्हणून जन्म गेला, पण इतकं जपून कधी बसलो नव्हतो. प्याला जुन्या साडीत, साडी डब्यात, डबा मांडीवर. अमळनेरला एक बाई चढली. "पेढा शेतस का भाऊ?" हो म्हटलं. मग नरडाणा येईपर्यंत धाकधूक. एक द्या म्हणाली असती तर!

कुंभार नानांच्या अंगणात रू.ची बसायची जागा तशीच. नानांची बायको, अक्का, मडकं थापत होती. शाळेतून रिटायर झाल्यावर रू. इथंच येऊन शिकली. माहेर जवळच, नदीपलीकडे.

नानांनी प्याला उजेडात धरला. "बाईनी माटी चायी नही ना. नदीवरथीन आनी नि तशीच मयी." प्याला फिरवून बघत, "आवामा ठेवसू भाऊ, पन जबान नही देस." भट्टीत ठेवतील, पण हमी नाही.

अक्का म्हणाली, "मी चायनी दिन्ही व्हती. नको बोलनी. जशी शे तशी राहू दे बोलनी."

तापीच्या त्या काठावर रू.चा बाप्तिस्मा झालेला. तिथली माती, न चाळता, खड्यांसकट.

नाना म्हणाले, ओला हात फिरवतो, गुळगुळीत होईल. अहो, तिची बोटं पुसली जातील! डबा बंद केला आणि तसाच परत आलो. भित्रा.

१६ मार्च
प्रार्थना होत नाही. प्रभूची प्रार्थना सुरू करतो आणि ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या ओळीला गाडी उभी राहते, सिग्नलच मिळत नाही. तुझी इच्छा झाली ना पूर्ण? आता माझी ऐक. मला ती हवी आहे. प्याला नको, आठवण नको, ती. हात मातीचे म्हणून कोपरानं दार ढकलत आत येणारी.

लिहिलं. खोडणार नाही.

२१ मार्च
प्याला उचलला तर खालच्या वर्तमानपत्रावर बारीक धूळ. काठाजवळची एक खूण जवळजवळ गेलीय. रोज हात फिरवतो ना मी! नाना ओल्या हातानं पुसणार होते, मी कोरड्या हातानं पुसतोय.

मनूला फोन केला. धुळीचं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही ठरवलंयच." नाही ठरवलं गं. पण नुसता ठेवला तरी तो जाणारच आहे.

२५ मार्च. नरडाणा
आवा रचला. गोवऱ्या, कपाशीच्या काड्या, मध्ये मडकी. अक्कानं प्याला एका मोठ्या मडक्याच्या पोटात ठेवला. "आठे आंच कमी लागी."

पेटवायच्या आधी तिनं कुंकू वाहिलं, हात जोडले. मला म्हणाली, "तुम्हना देवले सांगा भाऊ." डोळे मिटले. प्रभूचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, रूथ. मोठ्यानं. शरमच वाटली.

अक्का म्हणाली, "चालस."

धूर निघाला. आता काही करता येत नाही. परतीच्या गाडीत हात रिकामे होते, ते कुठं ठेवावे कळेना.

२८ मार्च
निघाला! अख्खा! तांबडा, एका कुशीला धुराचा काळा डाग. उरलेल्या खुणा जशाच्या तशा. नानांनी टिचकी मारली, खणकन वाजला. मी सगळ्यांसमोर रडलो. अक्कानं चहा टाकला.

नाना म्हणाले, "इतलामा हरखू नका. माटीमा चुनखडी व्हई ते पानी पिईसन फुगस, नि भांडं फोडस. कोरडं ठेवा ते टिकी." कोरडा ठेवायचा. म्हणजे परत कपाटच की.

२ एप्रिल, पवित्र गुरुवार
मनू सकाळी आली. प्याला घेऊन खिडकीशी उभी राहिली. मग स्वतःच म्हणाली, "संध्याकाळी हाच नेऊ." पेटीचं नाव नाही.

मी नको म्हणेपर्यंत तिनं तो नळाखाली धरला होता. मातीनं सूं करून पाणी ओढून घेतलं. तिला गंमत वाटली, पुन्हा ओतलं. "पप्पा, ऐका ना, पितोय तो!" खळखळून हसली. या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं.

आत्ता पुसायला घेतला, तर तळाजवळ पांढरा ठिपका. डाळीएवढा. नानांची चुनखडी. सकाळी नव्हता. त्याच्यावर केसासारखी रेघ. द्राक्षरस ओतला की... किंवा काही होणारही नाही. रू. काय म्हणाली असती ते मला पक्कं माहीत आहे. पण ती नाही, आणि हा आहे.

मनूला दाखवलं नाही. चपला घालून दारात उभी आहे. घंटा झाली.

"पप्पा, प्याला घेतला ना?"

घेतला म्हटलं. अजून टेबलावरच आहे.