डेस्मंडसाठी पेरलेला शब्द

३ ऑक्टोबर
चर्चच्या मासिकाचं शेवटचं पान गेली सव्वीस वर्षं माझं. 'विसरलेले शब्द', लेखक एडगर थ्वेट. आज पाद्रीणबाई हिलरी घरी येऊन म्हणाल्या, निम्मं पान डेस्मंडला देऊ या, बिचारा गावात नवा आहे, जरा रमेल. बिचारा! रिटायर्ड दातांचा डॉक्टर. आयुष्यभर लोकांची तोंडं उघडी ठेवून त्यांना बोलू दिलं नाही, आता शब्दांवर लिहिणार.

हसून हो म्हटलं. सूडबुद्धी माझ्या स्वभावातच नाही.

४ ऑक्टोबर, सकाळी ७
सुडाचे मार्ग एकूण नऊ. सात कायद्यात बसत नाहीत.

९ नोव्हेंबर
नवा अंक. डेस्मंडचा शब्द 'ॲप्रिसिटी', म्हणजे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. हा माझ्या शब्दांच्या कार्डांच्या पेटीतला! पेटी चर्चच्या हॉलमध्ये असते, बिनकुलपाची. चोर! बायको म्हणते, शब्द डिक्शनरीत असतात रे, तुझ्या पेटीत जन्माला येत नाहीत. डोरीनला यातलं काही कळत नाही.

१० नोव्हेंबर
सुचलं! काही कोशकार चोर पकडायला कोशात एखादा खोटा शब्द पेरत. नक्कल करणारा तो उचलतो आणि सापडतो. मीही पेरला. 'थ्रिम्बलर : दुसऱ्याच्या चहात आपलं बिस्किट बुडवणारा इसम. यॉर्कशर, अठरावं शतक.' कार्ड चहात भिजवून जुनाट केलं. पेटीत सगळ्यात पुढे ठेवलं.

७ डिसेंबर
गिळला!! थ्रिम्बलर छापून आला, अठराव्या शतकासकट. रविवारी प्रार्थनेनंतरच्या चहाला अख्ख्या गावासमोर सोलतो त्याला. भाषण पाठ. टाय निळा.

११ डिसेंबर, दुपार
भाषण दिलं. असा शब्दच नाही, तो मी बनवला, हा माणूस चोर आहे! मग ब्याण्णव वर्षांच्या विनिफ्रेडबाई म्हणाल्या, काहीतरीच काय! माझी आई बाबांना रोज थ्रिम्बलर म्हणायची. खाटीक क्लिफ म्हणाला, आमच्याकडे तर थ्रिम्बलरला वेगळं बसवायचे. मी ओरडलो, अहो, मी बनवलाय! विनिफ्रेडबाई म्हणाल्या, सव्वीस वर्षं लिहितोस आणि एवढा साधा शब्द माहीत नाही तुला?

डेस्मंडने लगेच कबूल केलं. कार्ड पेटीतलंच म्हणे, पण पेटीवर 'सर्वांसाठी, जरूर वापरा' अशी चिठ्ठी आहे. जाऊन पाहिलं. आहे. हस्ताक्षर माझं.

१४ डिसेंबर
हिलरींचं पत्र. अख्खं पान डेस्मंडला. मी थकलोय म्हणे, विश्रांती घ्यावी. पेटी घरी आणली. रडू आलं. डोरीनला सांगितलं, कांदा चिरत होतो. कांदा घरात नव्हता.

१८ डिसेंबर
नववा मार्ग पक्का केला. डेस्मंडशी आयुष्यभर अबोला. त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

चार वाजता तोच दारात. हातात केक. म्हणाला, एडगर, पान दोघं मिळून लिहू या ना, मला एकट्याला जमत नाही, हिलरींशी बोललोय मी. डोरीनने चहा ओतला. मी चकार शब्द काढला नाही. खिडकीबाहेर बघत राहिलो आणि तसंच बघत बिस्किट बुडवलं.

डेस्मंडने आपल्या कपात डोकावून पाहिलं. डोरीननेही. मग दोघं एकदम एकच शब्द म्हणाले.