गाठ साधी निघाली

३ फेब्रु., मंगळ.
भाकरीचा घास परत अडकला. आवाजही कोंडल्यासारखा. विजय म्हणतो, "आई, जरा नीट बोल की." उभी हयात वर्गात बोलण्यात गेली, आता लेक बोलायला शिकवतो.

४ फेब्रु., बुध.
घशाच्या डॉ.नी नाकातून दुर्बीण घातली. जिभेमागे गाठ. गुळगुळीत, पिवळट. "साधी वाटते, पण सीटी काढू." विजयने 'गाठ' तेवढं ऐकलं. घरी येऊन बायकोशी, सुनीताशी कुजबुज, तिचे डोळे लाल. घशात गाठ म्हटलं की आमच्याकडे एकच रोग.

८ फेब्रु., रवि.
बिद्रीचे पाहुणे नातीला, रेवाला बघायला. मला सकाळी कळलं! पोरीचं एम.एस्सी.चं ठरत होतं. बघणं झालं, लगेच सुपारीही फोडली. मी गेले तर लग्न वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षं थांबा, अशी रीत. म्हणून आधीच उरका. विजय पाहुण्यांना हळूच, "आईचं काय खरं न्हाय." मुलाच्या आईने माझा हात धरून डोळे पुसले. मी समोर पोहे खात होते.

१० फेब्रु., मंगळ.
सीटी झाली. डॉ.: "लायपोमा. चरबीची गाठ, कॅन्सर नाही." चित्रात चरबी काळी दिसते, सगळी एकसारखी. पण झोपेत श्वासनळीवर पडली तर गुदमरेन, म्हणून काढायची. मग तपासायला पाठवणार, तो शिरस्ता. सोमवारी ऑपरेशन. पुढे काही दिवस बोलायला बंदी.
विजय रडला. मी विचारलं, "आता लग्न?"
"सुपारी फुटलीया आई. पावण्यांना काय सांगू, आई मरत न्हाय म्हणून?"
हो. तेच सांग.

११ फेब्रु., बुध.
रेवाला विचारलं, होकार का दिलास?
"बाबा म्हणाले, आज्जीची शेवटची इच्छा हाय."
माझी इच्छा! मला न विचारता. जेवले नाही.

१४ फेब्रु., शनि.
एसटीने बिद्रीला. विजय म्हणाला, "तमाशा करू नको." गेलेच. मुलाच्या आईला सरळ सांगितलं: मी मरत नाही. पोरीने माझ्या मरणापायी हो म्हटलंय, तिला परत विचारायचंय.
"मग आमाला फसवलं व्हय?"
"होय. मलाही."
चहा आला, कुणी घेतला नाही. मुलगा दारातून म्हणाला, "मी बोलतो की तिच्याशी." आई म्हणाली, "तू गप बस." पोरगा तसा बरा वाटला. बरा वाटला, याचाच राग जास्त आला.

१५ फेब्रु., रवि.
बिद्रीहून फोन नाही. विजय बोलत नाही. सुनीताने दवाखान्याची पिशवी भरली.
रेवाला म्हटलं, "उद्यापासून मी मुकी. फोन आला तर तूच घे."
"काय सांगू, आज्जी?"
उत्तर ओठांवर होतं. दिलं नाही. ती अजून गॅलरीत उभी आहे.