वरच्या मजल्यावरची असुंताबाई

४ मार्च २००६, लेस्टर
लगागा लगागा लगागा लगागा. पहाटे जाग आली ती ह्या आवाजाने. मास्तरांची लाकडी पट्टी, टेबलाच्या कडेवर. नागपूरची शाळा, भुजंगप्रयात, आणि शेजारी प्रभ्या बाकाखाली माझ्या मांडीवर तोच ठेका धरून बसलेला. किती वर्षं झाली!

दुपारी प्रभ्याचाच फोन, इटलीहून. "वश्या, झालं! नोटरीसमोर तुझ्या नावाने सही ठोकली. मालक झालास लेका!" माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मुखत्यारपत्र त्याला दिलं होतं. डोंगरावरचं गाव, दगडी इमारत, वरचा मजला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पडकं प्लास्टर. साठवलेलं सगळं त्यात. खालचा मजला प्रभ्याचा, दोन वर्षांपूर्वी घेतलेला.

माझी सुमन असती तर. कॅलेंडरवरचं असलंच एक गाव तिने वर्ष संपलं तरी भिंतीवरून उतरवलं नव्हतं.

११ मार्च
अनघाचा बेसिंगस्टोकहून फोन. लेकीचा आवाज चढलेला.
"बाबा, न बघता फ्लॅट घेतलात?"
"प्रभाकाकाने बघितलाय."
"आणि सर्व्हे? इमारत तपासून घेतली?"
"अगं, शाळेपासून ओळखतो मी त्याला."
"तो सर्व्हे नाही ना, बाबा."

इथलं घर विकायचंय, हेही सांगून टाकलं. पण इथे आता कोणासाठी राहायचं? एजंट बागेत पाटी लावून गेला. पाटीशेजारी सुमनचा गुलाब, अजून काटक्याच.

संध्याकाळी कागदावर नकाशा काढला. मधली भिंत पाडायची. खिडकीशी टेबल. कवितांची पुस्तकं उजव्या हाताला, उठावं लागू नये अशी.

२२ एप्रिल, इटली
पोचलो. जिना उभा, गुडघा बोंबलला. प्रभ्या बॅग घेऊन मागे. वर दार उघडं. कांदा परतल्याचा वास. आत काळ्या कपड्यातली एक म्हातारी. मला खुर्ची दिली, कॉफी ठेवली. मला वाटलं साफसफाईला ठेवली असेल. कोपऱ्यात पलंग, त्यावर दुमडलेली शाल, भिंतीवर नवऱ्याचा फोटो.

"प्रभ्या, ही कोण?"
"असुंता. राहते."
"म्हणजे? कधीपर्यंत?"
"असेतोवर. तिचा हक्क आहे. मालक तूच रे! इथे पद्धतच आहे, म्हातारी माणसं घर विकतात आणि मरेपर्यंत तिथेच राहतात. म्हणून तर आपल्याला परवडलं."
"मला सांगितलं नाहीस."
"सांगितलं असतं तर घेतलं असतंस? अरे, शहाऐंशीची आहे. जिना बघितलास ना?"

जिना बघितला होता. मी बहात्तरचा आहे.

२३ एप्रिल
रात्री प्रभ्याकडेच झोपलो, दुसरीकडे जाणार कुठे. सकाळी तो उठायच्या आत टेप घेऊन वर गेलो. कशाला, माहीत नाही. आणली होती म्हणून. खिडकी मापायला लागलो तर असुंताबाईंनी टेपचं दुसरं टोक धरलं. खूष दिसल्या. तुटक्या झडपेकडे बोट दाखवून बरंच बोलल्या. घरमालक झडप दुरुस्त करायला आलाय असं वाटलं असावं त्यांना. आणि मी मनात जी भिंत पाडत होतो, तिलाच टेकून त्यांचा पलंग आहे.

मला टेप गुंडाळता येईना.

२४ एप्रिल
चौकात दोमेनिको भेटला. बेडफर्डच्या वीटभट्टीत उमर घालवून गावी परतलेला, इंग्रजी झकास. मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाला, "म्हणजे तूच तो इंग्लंडचा इंडियन? बरा दिसतोस की!"
"का? कसा दिसायला हवा होतो?"

तो आधी टाळत होता. मग सांगितलं. असुंताबाई सही करायला तयार नव्हत्या. घेणारा डोक्यावर येऊन बसला तर? तेव्हा प्रभ्याने त्यांना समजावलं, मित्र फार आजारी आहे, इथे यायचा नाही, वर्षभर काढलं तरी खूप. म्हणून त्यांनी सही केली. घर विकायची घाई त्यांच्या पुतण्याला, रेंझोला. मागची गच्ची त्याची होती. गिऱ्हाईक आणलं म्हणून ती आता प्रभ्याची.

मला सांगितलं ती जाईल. तिला सांगितलं मी जाईन.

गच्चीवर प्रभ्या टोमॅटोची रोपं लावत होता. विचारलं. खुरपं खाली न ठेवता म्हणाला, "गच्ची आपल्या दोघांचीच रे. मला इथे कोणीतरी हवं होतं, वश्या. मराठी बोलायला."

बॅग भरली. असुंताबाईंचा निरोपसुद्धा घेतला नाही.

१४ मे, लेस्टर
मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला नको नको म्हणत गेलो. "काय वसंतराव, आम्हाला कधी बोलावताय इटलीला?" ज्याला त्याला हेच. प्रभ्याही इटलीहून आलेला, इथलं घर अजून आहेच त्याचं. स्टेजवर जाऊन शाळेतली कविता म्हणाला, पाठ, एकही मात्रा न चुकता. टाळ्या. तिसऱ्या ओळीला माझ्याकडे बघून थांबला. आम्ही ती नेहमी दोघांत वाटून म्हणतो. चौथी माझी.

म्हटली नाही. त्यानेच म्हटली.

घरी आल्यावर मात्र ओठांवर तीच ओळ. आता ती एकट्याने म्हणायची म्हटली की...

२० मे
अनघा म्हणते केस करू. कोणावर? माझीच सही, त्याच्या हातची.
"निदान 'फॉर सेल'ची पाटी तरी काढा, बाबा."
"आणि मग?"
"मग काय? इथेच राहा."
एक जोडपं घर बघून गेलं. बाई म्हणाली, ही भिंत पाडता येईल.

३ जून
प्रभ्या आज चहाला येतो म्हणाला. "एकदा समोरासमोर शिव्या दे, पण फोन उचलत जा." ये म्हटलं. सकाळपासून वाक्यं जुळवतोय. एकही धड होत नाही. दार उघडायचं की नाही, तेही ठरत नव्हतं.

बेल वाजली, ठरल्या वेळेच्या बरीच आधी. काचेतून दिसलं, प्रभ्या एवढा बुटका नाही. उघडलं.

दारात दोमेनिको, आणि त्याच्या दंडाला धरून काळ्या कोटातल्या असुंताबाई. त्यांची बहीण बेडफर्डला असते, तिच्याकडे आल्यात म्हणे. जन्मात पहिल्यांदा विमानात बसल्या. खरेदीच्या कागदांवर माझा पत्ता होताच. बाईंनी मला खालून वर बघितलं, गालाला हात लावला, आणि काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात?"
दोमेनिको हसू दाबत म्हणाला, "म्हणते, न सांगता निघून गेला, वाटलं मेलाच असेल. खात्री करायला आले."

दोघं बाहेरच्या खोलीत बसलेत. मी आत चहा ठेवलाय, तेवढ्यात हे लिहितोय. प्रभ्याची गाडी आत्ता पाटीपाशी लागली.