जनीचं पान

नवीन पनवेल,
९ नोव्हेंबर २०२३

चि. विश्वजीत यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

चित्रांची गुंडाळी काल कुरिअरने पुण्याला पाठवली. बारा पानं पुरी झाली. राजे, राण्या, गुलाम, सगळे मिठागरातले. पत्त्यांचा कॅट छापायच्या आधीच अनोळखी माणसं इंटरनेटवर त्यासाठी वर्गणी भरतात, हे मला अजून पटत नाही. आणि तुझ्यासारखे संग्राहक कॅट घेऊन त्याचं सीलसुद्धा फोडत नाहीत म्हणे! मग गुलामाच्या मिशीवर मी दोन दिवस कशाला घालवले?

चौकटची राणी नीट बघ. ती आपली जनी. तीस वर्षं माझ्या दाराशी भाजी घेऊन येते; तरुणपणी उरणच्या मिठागरात राबली. आठ दुपारी माझ्या गॅलरीत डोक्यावर पाटी घेऊन उभी राहिली. मी पाटी रिकामी दिली तर म्हणाली, ताई, रिकाम्या पाटीला मान अशी ताठ होत नाय. शेवटी तांदूळ भरले. आता गावभर सांगत सुटली आहे, मी पत्त्यातली राणी हाय. नात भाविका चिडवते, पण ही हटत नाही.

कळावे. जेवणाच्या वेळा पाळ. माझा लोभ आहेच, तुझा अधूनमधून कागदावर दिसू दे.

तुझी,
सुमतीआत्या

पुणे,
२ फेब्रुवारी २०२४

ती. सुमतीआत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, जिंकलो! चाळीस दिवसांची मुदत होती, अकराव्या दिवशीच ठरलेली रक्कम जमली. एकोणतीस देशांतून लोक आले. एका जर्मन संग्राहकाने तुझ्या गुलामाच्या मिशीवर अख्खा परिच्छेद लिहिलाय. खोक्यावर तुझं नाव सोनेरी अक्षरांत येणार. छपाईसाठी प्रती काढून मूळ चित्रं तुला कुरिअरने परत पाठवली आहेत.

एकच गोष्ट. सर्वांत मोठी वर्गणी देणाऱ्याच्या पसंतीचा चेहरा एका पानावर घेऊ, असं मी जाहीर केलं होतं. त्याने बायकोचा फोटो पाठवलाय आणि त्याला राणीच हवी आहे. थोडी हलवाहलव करावी लागेल. छपाईआधी सगळी पानं तुला मोबाइलवर पाठवीन, बघून कळव.

गुडघ्याला जप. तुझी माया अशीच राहू दे, तिच्यावरच हा उद्योग चाललाय.

तुझा,
विश्वजीत

नवीन पनवेल,
२० ऑगस्ट २०२४

चि. विश्वजीत यास,
आशीर्वाद.

कॅट पोचले. एक जनीचा म्हणून मी स्वतः तिच्या घरी नेला. माहेरची माणसं जमली होती. भाविकाने सील फोडलं आणि चौकटची राणी काढली. जनीचं लुगडं, जनीची पाटी, जनीची मान, आणि वर कुणा परदेशी बाईचं तोंड.

सगळी पानं पालथी घातल्यावर जनी सापडली. जोकर. डोक्यावर घुंगरांची टोपी. भावजया पोट धरून हसल्या. जनी हसली नाही. हे काय हाय, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, रमीत जोकर कुठल्याही पानाची जागा घेतो, त्याचा मान मोठा. ती म्हणाली, मंग तुमी का नाय झालात जोकर?

त्यानंतर ती माझ्या दाराशी आलेली नाही. ती टोपी मी काढलेली नाही, विश्वजीत. माझ्या रेषेवर दुसऱ्याचा हात फिरवायला तुला कुणी सांगितलं?

कळावे.
सुमतीआत्या

पुणे,
१ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न.

तू फोन घेत नाहीस म्हणून लिहितोय. जनीमावशींना दुखवायचा माझा हेतू नव्हता. आमच्या छंदात जोकरला फार किंमत असते, लोक त्याची फ्रेम करतात. पण त्यांना विचारायला हवं होतं, हे मान्य.

एक मात्र ऐकून घे. ११ मार्चला मी तुला चोपन्नच्या चोपन्न पानं पाठवली होती, जोकरसकट. दुसऱ्या दिवशी तुझं उत्तर आलं, ते अजून माझ्याकडे आहे: 'खोक्यावर माझं नाव जरा मोठं करता येईल का? बाकी छान.'

मी नाव मोठं केलं, आत्या.

दुसरी आवृत्ती काढतोय. जनीमावशींना परत राणी करू. आमच्याकडच्या प्रतीत चेहरा बदललाय; मूळ चित्र पुन्हा पाठवशील?

रागावलीस तरी तुझाच,
विश्वजीत

नवीन पनवेल,
१५ सप्टेंबर २०२४

चि. विश्वजीत यास,
आशीर्वाद.

तू लिहिलंस ते खरं आहे. जोकर मी पाहिला होता. पाहिला आणि मोबाइल पालथा ठेवला. पस्तीस वर्षं शाळेच्या फळ्यावर माझी चित्रं संध्याकाळी पुसली गेली. माझं नाव पहिल्यांदाच कशावर तरी छापून येत होतं. जनी समजून घेईल, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

काल तिच्याकडे जाऊन हे सगळं सांगितलं. ती अळूच्या जुड्या बांधत होती, हात थांबवला नाही. ऐकून म्हणाली, तुमी कशाला वाईट वाटून घेता, ती बाई मी नायच. गावातही तिने तसंच सांगितलंय, ताईंनी दुसऱ्याच कुणाला तरी काढलं हाय. भाविकाने मूळ चित्र तिच्या चेहऱ्याशेजारी धरलं. रेषेरेषेत ते तिचंच होतं. जनीने मान फिरवली आणि चहा ठेवायला आत गेली. चहा भाविकाने आणून दिला. ती बाहेर आली नाही.

इतकी वर्षं चेहरे काढले, हुबेहूब साधला तो हा एकच. चित्र तिच्यासाठी नेलं होतं, परत घेऊन आले. ते भिंतीवर लावायची माझी हिंमत नाही आणि तुला ते मिळणार नाही. दुसऱ्या आवृत्तीवर माझं नाव घालू नकोस.

कळावे. लोभाविषयी या खेपेला काही लिहीत नाही.

सुमती