बोट दाखवलेला दुधी

१६ जून, रविवार
झाली एकदाची पेरणी. टेरेसवर रंगाचे रिकामे डबे, एक फुटका टब, आणि दुधीसाठी कोपऱ्यातला पत्र्याचा ड्रम. ओमने भेंडी लावली, चिऊने मेथी आणि दुधी. दुधीच्या बिया काल रात्रीपासून ओल्या फडक्यात होत्या. कोंब आला का म्हणून चिऊ सकाळपासून सारखी फडकं उघडून बघत होती. धने सासूबाईंनी लाटण्याखाली भरडून दिले. अख्खे टाकले तर नीट उगवत नाहीत, हे त्यांचं म्हणणं बरोबर. (यापुढे नुसतं सा. लिहिणार. पूर्ण लिहायला वही पुरेल, जीव पुरणार नाही.)
हात धुताना चिऊ म्हणाली, "मावशी, उगवेपर्यंत मी इथेच असेन ना?" मी म्हटलं, उगवेपर्यंत काय, भाजी खाईपर्यंत. श्री. शेजारी पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

२१ जून, शुक्रवार
मेथी वर आली. दोघं शाळेत जायच्या आधी डब्यावर डोकी लावून बसतात, ओमचं मोठं, चिऊचं लहान. ओम आठाचा, तिला सहावं लागेल. तो तिला ओरडतो, ती ऐकते. सुमा आणि मी, दोघी बहिणी, अशाच होतो. मी ओरडायची, ती ऐकायची.
सुमा जाऊन आता दीड वर्ष होईल. चिऊला दिवाळीत आठ दिवसांसाठी म्हणून आणली सांगलीहून, ती राहिलीच. मे महिन्यात तिच्या बाबांनी, सतीशने, दुसरं लग्न केलं. करणारच होता, त्याचा राग नाही. लग्नात चिऊला कोणते कपडे घालायचे हे विचारायला फोन केला, राग त्याचा आहे.

३ जुलै, बुधवार
सतीशचा फोन. "ताई, आता घर लागलंय. चिऊला आणावं म्हणतो गणपतीपर्यंत." आणावं म्हणतो! विसरलेली छत्री आणतात तसं. नवी बायको तयार आहे का विचारलं, तर म्हणाला, "होईल की."
श्री.ना म्हटलं, आपण तिला कायमची ठेवून घेऊ. ते म्हणाले, बघू. लग्नापासून हा एकच शब्द मी ऐकत आले आहे. फ्लॅट घ्यायचा, बघू. दुसरं मूल, बघू. बघून बघून डोळे जातील या माणसाचे.
सा. म्हणाल्या, "परक्याचं मूल वाढवणं म्हणजे तारेवरची कसरत हो." परक्याचं नाही, माझ्या बहिणीचं, असं मी म्हटलं. "तेच ते," म्हणाल्या.

१ ऑगस्ट, गुरुवार
दुधी दोरीवरून पार टाकीपर्यंत गेलाय. संध्याकाळी पांढरी फुलं उघडतात. आज पहिलं मादीफूल, पाकळ्यांच्या मागे अंगठ्याएवढा दुधी, लव असलेला. चिऊने बघितला आणि बोट करून म्हणाली, "मावशी, तो बघ, बाळदुधी."
सा. दारात होत्या. "बोट दाखवू नये ग, झडतं. दाखवायचंच तर असं." आणि तर्जनी वाकडी करून दाखवली. माझी आईही असंच करायची. मी हसले आणि पोळ्या करायला आत गेले.

४ ऑगस्ट, रविवार
झडला. आधी पिवळा पडला, आज मातीत पडलेला होता. पहिली फुलं झडतातच. नराचे पराग मिळाले नाहीत की मादीफूल गळतं. अकरावी-बारावीच्या पोरांना मी हेच शिकवते, फळ्यावर आकृती काढून.
ओम: "हिनेच बोट दाखवलं होतं."
सा.: "मी सांगितलं होतं." मग माझ्याकडे बघून, "मी असलं काही मानत नाही हं. पण विषाची परीक्षा कशाला घ्या?"
कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, एवढंच मी म्हटलं. जेवताना चिऊचा उजवा हात मांडीखाली. डाव्या हाताने जेवत होती म्हणून परत बोलणी खाल्ली.

७ ऑगस्ट, बुधवार
कॉलेजातून आले तर सा. फोनवर, कसब्यातल्या त्यांच्या बहिणीशी. "पोर गोड आहे ग, नाव ठेवायला जागा नाही. पण पायगुण म्हणून काही असतंच. आईचं असं झालं. इथे आली आणि याची बढती हुकली." मी दारात उभी आहे हे दिसल्यावर आवाज खाली केला. चिऊ त्यांच्या पायाशी बसून चित्र रंगवत होती. तिच्यासाठी आवाज खाली करायची गरज कुणाला वाटली नव्हती.
रात्री श्री.ना सांगितलं. "आईचं वय झालंय." वय झालं की जीभ आधी थकायला हवी. इथे गुडघे थकले, जीभ तरुण. श्री.ची बढती हुकली कारण साहेबांच्या भाच्याला हवी होती, हे ऑफिसच्या प्यूनलाही माहीत आहे. तसं आईला सांगा म्हटलं. "बघू."

९ ऑगस्ट, शुक्रवार
चिऊच्या शाळेतल्या बाईंनी बोलावलं. अक्षरावर बोट ठेवून वाच म्हटलं की ही मूठ करते. फळ्यावरचा क दाखव म्हटलं तर हनुवटीने दाखवते. बाई म्हणाल्या, "हाताला काही लागलंय का?" लागलंय. पण ते कुठे लागलंय ते कसं सांगू. नाही म्हटलं.
बसस्टॉपवर तिला विचारलं. म्हणाली, "मी क ला नाही ग काही करणार." मला रडू आलं. बिबवेवाडीच्या भर स्टॉपवर, भाजीच्या पिशवीसकट.

११ ऑगस्ट, रविवार
ठरवलं, आता पुराव्यानिशी. संध्याकाळी दोघांना टेरेसवर नेलं. नरफूल तोडून मादीफुलावर कसं टेकवायचं ते दाखवलं. दोन मादीफुलं होती. एक ओमला, एक चिऊला. चिऊने मूठ उघडायला वेळ लावला, पण केलं. अगदी हळू, श्वास धरून. ओमने आपलं रबरी शिक्का मारल्यासारखं केलं. मी दोघांना सांगितलं, आता बघा, दोन्ही धरणार. सा. खुर्ची टाकून बसल्या होत्या. "बघू," म्हणाल्या. तरी म्हटलं हा शब्द श्री.कडे आला कुठून.

१४ ऑगस्ट, बुधवार
ओमचा धरला. चिऊचा झडला.
हे असंच का व्हावं? चिऊचं फूल कठड्याच्या बाजूला होतं, त्या रात्री त्या बाजूने पाऊस आला, पराग धुऊन गेले असणार. हे सगळं मी सांगितलं. सहाच्याही नसलेल्या पोरीला पराग समजावत होते मी. ती मान हलवत होती, शहाण्यासारखी. मग म्हणाली, "आता मी टेरेसवर नाही जात." समजूत मी घालत होते की ती, कळेना.
सा.नी झडलेला दुधी उचलून केरात टाकला. तेवढंच पुरलं.

१८ ऑगस्ट, रविवार
ओमला ताप, उतरत नाही. टायफॉईड निघाला. दवाखान्यात दाखल केलं. इथे बाकावर बसून लिहितेय. सलाईनची सुई लावताना केवढा ओरडला.
लिहायला नको असं एक लिहिते. दुपारी श्री. चिऊला घेऊन आले. ती दारात उभी राहिली, आणि एका क्षणापुरतं मला वाटलं, आत येऊ नये हिने. क्षणभरच. पण ती आलीच नाही आत. मी काही बोलले नव्हते, हातही केला नव्हता. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती फक्त.

२३ ऑगस्ट, शुक्रवार
ओम घरी. मऊ भात, ताक. चिडचिड करतो म्हणजे बरा आहे.
सा.नी आज सांगितलं, मी दवाखान्यात असताना त्यांनीच सतीशला फोन केला. "तुझी किती ओढाताण होते ते बघवेना. म्हटलं, तुमची मुलगी तुम्ही न्या. रीतीने बोलले मी, वाईट काही नाही." नाहीच बोलत त्या वाईट. गळा कापतील तर आधी टॉवेल पसरतील. सतीश आठ सप्टेंबरला येतोय. रविवारी, म्हणजे त्याची रजा जायला नको.
श्री.ना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, "आई बोलली होती." म्हणजे बघितलं तर. पहिल्यांदा काहीतरी बघितलं, तेही हे.

२९ ऑगस्ट, गुरुवार
दुधी उतरवला. चांगला हातभर, कोवळा, नख सहज रुततं. देठाकडचा तुकडा चाखून बघितला, कडू नाही. चणाडाळ घालून भाजी केली. सा.नी दोनदा घेतली. "घरचं ते घरचं," म्हणाल्या.
मी चिऊला म्हटलं, बघ, हा तुझ्या वेलाचा आहे, बी तू लावलंस. ओम लगेच, "पण हा माझा आहे, मी केला होता." मी म्हटलं, वेल तिचा, दुधी तुझा, दोघांचा. आणि बघितलंस ना चिऊ, बोटाने काही होत नसतं. केवढा मोठा झाला.
तिने भाजी ताटाच्या कडेला सारली होती. म्हणाली, "मी त्याच्याकडे बघितलंच नाही ना. म्हणून झाला."
सा. ताटात बघत होत्या. श्री.नी पाणी मागितलं. इतके दिवस मी पुरावा गोळा करत होते, आणि पोरीने तो व्यवस्थित दुसऱ्या बाजूला लावून ठेवला होता.

३ सप्टेंबर, मंगळवार
श्री.शी भांडले. आवाज चढवून, शेजारी ऐकतील म्हणून न थांबता. म्हटलं, ती गेली तर मी या घरात राहीन, पण तुमच्याशी बोलणार नाही. ते म्हणाले, "अग, ती गेली तर तिचे वडीलच नेतायत, कुणी टाकून देत नाहीये." मग थोड्या वेळाने, "तू सांग सतीशला. तू म्हणशील तसं. मी मध्ये येणार नाही." मध्ये कधी आले होते? पण हा होकार समजायचा. घेतला पदरात.
सा.ना सांगितलं, चिऊ इथेच राहणार. "तुझं घर आहे बाई," म्हणाल्या आणि देवाचं तबक घासायला घेतलं. नंतर तेच तबक परत घासत होत्या.

५ सप्टेंबर, गुरुवार
सतीशला फोन केला. बोलायचं सगळं मनात मांडून ठेवलं होतं. तो जरा सुटल्यासारखाच वाटला, "ताई, तिला विचारा हवं तर, तिची इच्छा असेल तर माझी ना नाही." नव्या बायकोचं "होईल की" अजून झालेलं नसावं. मला काय त्याचं. मी जिंकले होते.
चिऊला हाक मारली, फोन दिला. दोन्ही हातांनी धरला. तिकडून तो काय बोलला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "हो, या न्यायला."
फोन ठेवल्यावर तिला जवळ घेतलं. का ग, मावशीकडे नको का? म्हणाली, पाहिजे. मग? तर म्हणे, "ओमदादाला परत ताप आला तर?"

७ सप्टेंबर, शनिवार
दिवसभर तिच्याशी बोलले. ओमला ताप पाण्याने आला. दुधी पावसाने झडला. तुझी आई आजाराने गेली, तू तेव्हा खेळत होतीस फक्त. ती प्रत्येक वेळी हो म्हणते. ओमला समोर बसवून सॉरी म्हणायला लावलं, तो म्हणाला, रडलाही. सा.ना म्हटलं, तुम्ही एकदा तिला सांगा, तुमच्या तोंडाने. त्यांनी तिला बोलावलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुझं काही नाही हो बाळ, नशिबाचं असतं एकेकाच्या." आता यांना काय म्हणावं. यांच्या मते ही माफी होती.
सतीश उद्या सकाळच्या गाडीने येतोय. मी त्याला सांगणार आहे की पाठवत नाही. त्याने तिला विचारलं तर ती जाते म्हणेल. तिची बॅग मी भरलेली नाही. आत्ता बघितलं, तिने स्वतःच दोन फ्रॉक घडी करून दाराजवळ ठेवलेत.