शंभर मैलांची टेप

१४ मार्च, शनिवार

विश्वासघात! दुसरा शब्द नाही.

आज ड्रायव्हरांच्या मीटिंगमध्ये आमच्या गाड्यांच्या शर्यतींच्या सिरीजचा नवा डायरेक्टर क्रेग प्रूइट इस्त्रीचा टी-शर्ट घालून उभा राहिला आणि म्हणाला, अकरा जुलैची शर्यत यंदा आपल्या कटलर्स मिलच्या ट्रॅकवर नाही, मोठ्या स्पीडवेला. तो स्पीडवे अडीच मैलांचा. आमचा ट्रॅक अर्ध्या मैलाचाही नाही. म्हणे टीव्हीवर दिसाल, नाव होईल.

मी उठलो. म्हणालो, शर्यत म्हणजे शेजाऱ्याच्या दाराला दार घासत जाणं. तिकडे शेजारीच दिसत नाही, त्याला शर्यत कोण म्हणेल? आमच्या गाड्या छोट्या ट्रॅकच्या, आमची माणसं छोट्या ट्रॅकची. जोरदार टाळ्या.

मिस ओपलने चष्मा पुसला. ट्रॅक तिचा. लग्न झालेलं, तरी सगळे तिला मिसच म्हणतात. नवरा गेल्यापासून तिकिटंही तीच फाडते आणि कँटीनमध्ये सँडविचसाठी बोलोनी सॉसेजचे कापही तीच तळते. जुलैची रात्र गेली तर तिचं वर्ष बुडालं, पुढच्या वर्षी फाटकाला कुलूप. माझा हात धरून म्हणाली, हार्लन बाळा, तुझ्याशिवाय कोण आहे रे मला!

संकल्प: शेवटच्या श्वासापर्यंत लढा. आणि रात्रीचं आइस्क्रीम बंद.

२१ मार्च, शनिवार

ऐतिहासिक दिवस. माझ्या जुन्या गाडीचं बॉनेट कँटीनच्या काउंटरवर ठेवलं आणि सगळ्या ड्रायव्हरांकडून त्यावर मार्करने सह्या घेतल्या. शपथ: अकरा जुलैला कुणीही स्पीडवेला जाणार नाही, त्याच रात्री इथे, कटलर्स मिलवर, आपली शर्यत. पहिली सही माझी, सगळ्यात मोठी. हार्लन स्ट्राउप, नंबर ४४.

डेलबर्ट टीग जरा रेंगाळला. तीस वर्षांपासूनचा दोस्त, पण बोलायचं म्हणजे त्याला पोटातून शब्द उपसावे लागतात. त्याने विचारलं, हार्लन, शपथ म्हणजे काहीही झालं तरी ना? मी म्हणालो, काहीही झालं तरी. मग म्हणाला, मी लहान असताना बाप मला त्या स्पीडवेच्या कुंपणाबाहेर घेऊन गेला होता. आत जायला पैसे नव्हते, नुसता आवाज ऐकून आलो. एकदा आत गाडी चालवायची होती. यंदा ट्रॅक्टरच्या दुकानवाल्याने खर्च द्यायचं कबूलही केलंय. एवढं बोलून त्याने सही केली. डोळ्यांत पाणी होतं. मिस ओपल शेजारी कांदा चिरत होती, त्याचं असावं.

बॉनेट काउंटरच्या वर टांगलं. मीच सुचवलं की त्या रात्री इथे मोठा पडदा लावून स्पीडवेची शर्यतही दाखवायची. तिकडची रिकामी स्टँड लोकांना बघू देत, हसू देत.

आइस्क्रीम खाल्लं. आनंदाच्या दिवशी नियम लागू नाहीत.

९ एप्रिल, गुरुवार

प्रूइटचा फोन. मी ठेवणारच होतो, पण ऐकून घेणं हे सभ्यतेचं लक्षण. म्हणाला, हार्लन, तुमच्याशिवाय ही शर्यत म्हणजे मिठाशिवाय बीन्स. माणूस वाटतो तितका वाईट नाही.

अर्थात स्वच्छ नकार दिला. म्हणालो, विचार करून सांगतो.

१२ एप्रिल, रविवार

चर्चमध्ये विचार केला. उपदेश कशावर होता आठवत नाही. मुद्दा असा: ज्या गोष्टीला विरोध करायचा ती माहीत नको? उद्या कुणी विचारलं, स्ट्राउपसाहेब, तुम्ही तिथे चालवलीय का कधी? काय सांगणार? विरोध आतून करावा. एकाने तरी जाऊन डोळ्यांनी बघून यायला हवं की ते किती वाईट आहे.

हा एक मीच असणार, हे ओघानेच आलं. नेत्याला त्याग करावा लागतो.

बायकोला, नदीनला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे तुला जायचंय. स्त्रियांना तत्त्व कळत नाही.

२ मे, शनिवार

स्पीडवेच्या शर्यतीचा प्रवेश-अर्ज भरला. माझ्या नावाने नाही, मेव्हण्याच्या. रॉस्को लेल, नंबर ७१. रॉस्कोने आयुष्यात गवत कापायच्या मशीनशिवाय काही चालवलेलं नाही. तो म्हणाला, दाजी, पकडलो गेलो तर मी तुम्हाला ओळखत नाही. त्याला तिथल्या स्टँडच्या छपरावर उभा करून रेडिओवरून माझे डोळे व्हायचं काम दिलंय.

रॉस्को कुठून तरी ऐकून आला की मोठ्या ट्रॅकवर एकटी गाडी वाऱ्याशीच भांडत बसते. मागून कुणी नाकाने ढकलत राहिलं तर दोघंही सुटतात. तिथे म्हणे जिगरी दोस्त लागतो, नाहीतर काही खरं नाही.

त्याची मला चिंता नाही. डेलबर्ट आहे.

९ मे, शनिवार

डेलबर्टने अर्थातच सही केलीय. पण मी माणसं ओळखतो. लहानपणापासून त्या कुंपणाला नाक लावून बसलेला माणूस, खर्च द्यायला दुकानवाला तयार, आणि हा घरी बसेल? त्याच्या जागी मी असतो तर गेलोच असतो. मी तर त्याच्या जागी नसूनही चाललोय.

आज कँटीनपाशी सहज खडा टाकून पाहिला. म्हटलं, काय डेलबर्ट, अकरा जुलैला काय विचार? म्हणाला, इथेच की. तूच सांगितलंस ना? आणि चेहरा अगदी कोरा.

काय बेमालूम अभिनय! मी त्याला डोळा मारला. त्याने विचारलं, डोळ्यात काही गेलं का?

बाकीच्यांनाही आडून विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर. एवढी एकवाक्यता खऱ्या माणसांत नसते. सगळे येणार, नक्की. पट्टीचे लबाड!

२० जून, शनिवार

गाडीचा हिरवा रंग झाकून राखाडी प्राइमर मारला. दरवाजांवरचा आणि छपरावरचा ४४ मात्र तसाच ठेवला. तो बाबांनी हाताने रंगवलेला, त्यावर ब्रश फिरवायला हात धजेना. त्यावर टेप लावली आणि टेपवर ७१ काढला.

टेप साधी नाही. आम्ही सगळे तिला शंभर मैलांची टेप म्हणतो. गाडीचा पत्रा फाटो, बंपर लोंबो, ही लावली की शर्यत संपेपर्यंत हलत नाही. वीस वर्षांत एकदाही सुटलेली पाहिली नाही.

४ जुलै, शनिवार

न जाण्याचं कारण लागेल. म्हणजे कटलर्स मिलला न जाण्याचं. मुतखडा ठरवला. दुखतो भयंकर, दिसत काही नाही.

मिस ओपलला फोन केला, आवाज बारीक काढला. ती म्हणाली, बाळा, तू पाय वर करून पड, आम्ही सांभाळू, गाड्यांच्या पहिल्या रांगेतली तुझी जागा आम्ही रिकामी ठेवू. इतकं बरं वाटलं की क्षणभर खरंच दुखल्यासारखं झालं.

नदीनने आधीच बजावलं: मी कुणाशी खोटं बोलणार नाही, विचारलं तर घरी नाही एवढंच सांगेन. कट्टर बाप्टिस्ट पंथाच्या बायकोशी लग्न करू नये.

११ जुलै, शनिवार, सकाळ

पोचलो. काय जागा आहे! वळणं अशी उभी की त्यावर चढून जायला दोर लागेल. आवाज एवढा की मी रॉस्कोशी ओरडून बोलतोय. मी उगाच विरोध करत होतो. अशा ठिकाणी आपल्या माणसांनी यायलाच हवं. परत गेल्यावर मी हा मुद्दा मांडणार आहे.

आपली माणसं अजून दिसत नाहीत. जॉर्जियाचे आहेत, फ्लोरिडाचे आहेत. डेलबर्ट वेषांतर करून आला असणार. एक मिशीवाला फार ओळखीचा वाटला. जाऊन पाठीवर थाप मारली. फ्लोरिडाचा निघाला.

११ जुलै, दुपारी

पूर्ण यादी लागली. आमच्यातलं एकही नाव नाही. अर्थात माझंही नाही. म्हणजे सगळे मेव्हण्यांच्या नावाने आले.

१२ जुलै, रविवार

विश्वासघात. आता या शब्दाचा खरा अर्थ कळला.

कुणी आलं नाही. एकही नाही! सगळे कटलर्स मिलवर. शपथ मी घ्यायला लावली हे खरं, पण इतकी शब्दशः पाळायची असते का? मैत्री नावाची काही चीज आहे की नाही?

शर्यत सुरू झाली. पहिला अर्धा तास मी रांगेत होतो. मग गाडी पुढे काढायला रांगेबाहेर आलो, या भरवशावर की मागून कुणीतरी येईल. रॉस्कोला विचारलं, मागे कोण? रॉस्को म्हणाला, कुणी नाही. म्हटलं, डेलबर्ट कुठाय? तो म्हणाला, कोण डेलबर्ट? टीग? दाजी, तो आपल्या ट्रॅकवर नाही का? अख्खी रांग माझ्या शेजारून निघून गेली. फ्लोरिडाच्या मिशीवाल्याने हात हलवला. त्यानंतर मी एकटा. अडीच मैल, चारी बाजूंना काँक्रीट आणि मी. उगाच खोटं कशाला लिहू, त्या वाऱ्यात एकदा मोठ्याने डेलबर्ट अशी हाक मारली. रेडिओ चालू होता.

मग रॉस्को म्हणाला, दाजी, दारावर काहीतरी फडफडतंय. मग म्हणाला, छपरावरही. मग म्हणाला, दाजी, कॅमेरा तुमच्यावर आलाय.

शंभर मैलांची टेप! वीस वर्षं विश्वास टाकला. पण आमच्या ट्रॅकवर सगळ्यात जोरात पळणारी गाडीही ताशी नव्वद मैलांच्या पुढे जात नाही. इथे मी एकशे सत्तरला होतो. रॉस्को सांगतो, समालोचक म्हणाला, मंडळी, या गाडीचं बँडेज सुटतंय. सत्ताविसावा आलो, तीन फेऱ्या मागे, आणि झेंड्याखालून जाताना बाबांचा ४४ लख्ख उघडा.

पडदा लावायची कल्पना कुणाची होती ते इथे परत लिहीत नाही.

१३ जुलै, सोमवार

काल चर्चमध्ये कानावर आलेलं नदीनने आज थोडं थोडं सांगितलं. शनिवारी दुपारी चर्चच्या बायका ओव्हनमध्ये भाजलेलं चिकनचं कॅसरोल घेऊन आल्या. ती म्हणाली, हार्लन घरी नाही. खोटं बोलली नाही. त्यांनी समज करून घेतला की हॉस्पिटलात नेलं. शर्यतीआधी पास्टरने भोंग्यावरून माझ्या मुतखड्यासाठी प्रार्थना केली, अख्ख्या स्टँडने टोप्या काढल्या. गर्दी एवढी की मिस ओपलचे पाव संपले. पहिल्या रांगेत माझी जागा रिकामी. डेलबर्ट जिंकला. जिंकून खाली उतरला आणि माईकवर म्हणाला, ही ट्रॉफी हार्लनच्या उशाशी नेऊन ठेवायची.

आणि नेमकं तेव्हाच पडद्यावर माझ्या गाडीचं छप्पर दिसलं.

लोक ओरडले का, असं मी विचारलं. नदीन म्हणाली, नाही.  मिस ओपलने तव्याखालचा गॅस बंद केला, एवढंच.

कॅसरोल फ्रिजमध्ये आहे. आठ माणसांचं. झाकण उघडलं आणि परत लावलं.

१७ जुलै, शुक्रवार

कुणाचा फोन नाही. शिव्या घालायलाही नाही. मोठा स्पीडवे, टीव्ही, प्रूइटची जीभ, यांमुळे आमच्यासारख्यांत फूट पडते, हे मी मार्चमध्येच सांगितलं होतं.

संकल्प: उद्या ट्रॅकवर जाऊन सगळ्यांना मोठ्या मनाने माफ करायचं.

१८ जुलै, शनिवार

गेलो. भाषण तयार होतं. कुणी हसलं नाही, कुणी तोंड फिरवलं नाही. सगळ्यांनी मान हलवली, पोस्टमनकडे बघून हलवतात तशी.

डेलबर्ट कुंपणाला टेकून उभा होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.  मग त्याने ट्रॅकवरची नजर न काढता विचारलं, कसं असतं रे आतून?

भाषण विसरलो. म्हणालो, वारा फार असतो. तो म्हणाला, हं. मग म्हणालो, तू हवा होतास. त्याने तंबाखू थुंकली आणि गाडीकडे निघून गेला. त्यात राग असता तर बरं झालं असतं.

कँटीनला गेलो. मिस ओपलने वर पाहिलं आणि म्हणाली, बोला मिस्टर स्ट्राउप, तुमच्या सँडविचमध्ये कांदा घालू का? वीस वर्षं ती काही न विचारताच माझं सँडविच बिनकांद्याचं देत आली.

म्हणालो, घाला.

उभ्याउभ्या खाल्लं. वर बॉनेट टांगलेलं. सगळ्या सह्या जागच्या जागी. पहिल्या, सगळ्यात मोठ्या सहीवर टेपची पट्टी, कडा नखाने नीट दाबून बसवलेल्या. शंभर मैलांचीच. आमच्या ट्रॅकवर ती सुटत नाही.