पहिल्या घराची सवलत

३ मार्च
घर ठरलं! दोन खोल्या, तिसरा मजला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्यांची वाळत घातलेली पॅन्ट दिसते. एकवीस वर्षं भाड्याने राहिलं की पॅन्टसुद्धा देखणी वाटते.

५ मार्च
घराची किंमत म्हणजे घराची किंमत नव्हेच! वर हस्तांतरण कर. घर माझ्या नावावर होणार म्हणून सरकारला जवळजवळ अर्ध्या खोलीचे पैसे द्यायचे. सरकारने एक वीट उचललेली नाही. हे म्हणाले, "अगं, सरकारची मेहनत दिसत नाही." नवऱ्याला विनोद सुचतात, पैसे सुचत नाहीत.

८ मार्च
सरकारला मन आहे! पहिल्यांदाच घर घेणाऱ्याला कर माफ. अट एकच — आजवर नावावर एकही घर नको. ही अट मी जन्मापासून काटेकोर पाळतेय. चष्म्याच्या दुकानात काचा घासते. नावावर आहे तो चष्मा, तोही निम्म्या किमतीतला.

१२ मार्च
नोंदणी कार्यालय. अडीच तास रांग. चार नंबरची खिडकी अर्ज देते, सहा नंबरची घेते; पाच कशासाठी आहे ते कुणालाच ठाऊक नाही. सहा नंबरच्या बाईंनी अर्ज परत केला. सही रेघेला चिकटली म्हणे.

१३ मार्च
सही रेघेपासून लांब. घेतला!

१९ मार्च
अर्ज नामंजूर. कारण — अर्जदाराच्या नावे घर आहे.
मला हसूच आलं. म्हटलं, "कुठे आहे ते सांगा बाई, भाडं तरी वाचेल."
त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझं नाव. जन्मतारीख. आणि पत्ता — माहेरचा! आता तिथे दादा राहतो, माझा सख्खा भाऊ.
"चूक असेल."
"आईंनी बक्षीसपत्र केलंय, नऊ वर्षांपूर्वी. ही तुमचीच सही ना?"
माझीच. आईने एका कागदावर घेतली होती. "पेन्शनचं आहे गं," म्हणाली. मी वाचलंसुद्धा नाही.
बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आईला जाऊन सहा वर्षं झाली. सांगायचं राहून गेलं, की धीर झाला नाही? ती गेल्यावर दादा म्हणाला होता, "घर माझ्या नावावर झालं, पण तुझं माहेर आहेच हं." वर्षातून दोनदा जेवायला बोलावतो. माझ्याच घरात! केवढं मोठं मन.
पण त्याला तरी माहीत असेल का?

२० मार्च
दादाला फोन केला. सवलत नाकारली, एवढंच सांगितलं. कारण सांगितलं नाही.
 तो घाईघाईने — "किती होतो कर? मी भरतो. सगळा भरतो. तू त्या कार्यालयात पुन्हा जाऊ नकोस."
माझ्या बाळंतपणात रिकाम्या हाताने आलेला दादा!
"काय ही माया!" हे म्हणाले. हसलं मात्र कुणीच नाही.

२२ मार्च
दोन खोल्यांच्या मालकाला नकार कळवला. दिलेला विसार बुडाला. बुडू दे.
दादालाही कळवलं — एक तारखेला सामान घेऊन येतोय. मागची खोली तुला ठेव. भाड्याचं नंतर बोलू.